एक बोट जास्त

स्विंडनच्या शाळा सुटतात जुलैच्या शेवटी.
तिथे तो उन्हाळा.
नार्वेला तेव्हा अंगणात शेवाळ, आणि आंबा संपून दोन महिने झालेले.
म्हणून बाबा मे महिन्यातच मानकुरादचा रस काढून
बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांतून.
वर चिकटपट्टी : मिहिका. शर्विल.
माझ्या नावाचा डबा नसतो.
मी दोघांचे डबे पुसून खाते.

टॅक्सीवाल्याला दरवर्षी मीच सांगते, दिवाडीवरून घे.
लांब पडतं, पण दोन फेऱ्या लागतात,
आणि दुसऱ्या फेरीच्या अलीकडूनच
धक्क्यावर बाबा दिसू लागतात :
एक छत्री, एक पिशवी,
पिशवीत रबरी चपलांचे दोन कोरे जोड.
मुलं फेरीतून उतरतात, बूट काढतात, चपला घालतात.
बरोबर बसतात. दरवर्षी.

कारण निघायच्या आदल्या दिवशी ते मुलांना
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर उभं करतात,
पेन्सिल फिरवतात पावलाभोवती,
शर्विल गुदगुल्यांनी वाकडा होतो, पुन्हा काढावं लागतं,
खाली तारीख.
पुढच्या जुलैत तो कागद घेऊन डिचोलीच्या बाजारात जातात
आणि दुकानदाराला म्हणतात,
एक बोट जास्त दे. पोरां वाडटात.

यंदा ते घरात पायमोजे घालून फिरत होते.
मी म्हटलं, ह्या दमटात?
म्हणाले, फरशी गार लागते गो आता.
मला पटलं. मला तिथून आल्यावर पहिले आठ दिवस
काहीही पटतं.
गोदामातल्या रात्रपाळ्या अंगातून उतरत असतात,
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला
की मी खोकी भरायला उठते,
मग कळतं, हा पाव आला.

शेवटच्या दिवशी कागद निघाले.
मिहिका म्हणाली, आजो, आता तुझा पाय.
मी तुला तिकडून बूट आणणार.
ते म्हणाले, म्हाताऱ्याचा कसला पाय.
ती म्हणाली, मोजा काढ.

आत आई खोबरं खवत होती.
तो आवाज थांबला.

मिहिकाने पेन्सिल नीट फिरवली, जीभ बाहेर काढून,
टाचेपासून अंगठ्यापर्यंत,
मग बोटाबोटांमधून, सावकाश,
मग कागद उचलून मोजलं.
आजो, तुझं एक बोट राहिलं.
राहिलं न्हय बाय, बाबा म्हणाले. दिलं. साखरेला.
कधी?
जानेवारीत.

जानेवारीत आम्ही दर रविवारी बोललो होतो.
लोणच्याच्या बरणीला टेकवलेला फोन,
त्यात बाबांचा चेहरा, खांदे, मागे कॅलेंडर.
एका रविवारी रेंज नव्हती, असं आई म्हणाली होती.
मी तिच्याकडे पाहिलं. ती खोबऱ्याकडे पाहत होती.
तू येऊन काय केलं असतंस, असं कोणीच म्हणालं नाही.
पुन्हा खवणीचा आवाज सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.
शर्विलने विचारलं, ते बोट परत येतं का,
दातासारखं?

रात्री बॅगेचं वजन केलं. दीड किलो जास्त भरलं.
सोलं काढली, कोकमाची बाटली काढली,
कागद राहू दिला. त्याला वजन नव्हतं.

आता रविवारी मी आधी सांगते, फोन खाली करा.
बाबांना ते जमत नाही.
छत दिसतं, मग आईचा कान,
मग बराच वेळ बरणीचं झाकण,
मग पाय. दोन्ही. मी मोजते,
ते विचारतात, झालं?

काल बुटांच्या दुकानात मिहिकाने
कागद काउंटरवर पसरला, हाताने सपाट केला.
मुलीने पट्टी लावली, आकडा सांगितला,
चौथ्या आणि अंगठ्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून
काही विचारलं नाही.
मिहिका माझा कोट ओढत होती :
सांग ना तिला,
एक बोट जास्त.